वर्षावनातला मधुचंद्र : कोस्टा रिकाला सोळा दिवसांत काय पाहावे आणि काय सोडावे?

रानजाई, फोंडा

सर्वांना नमस्कार. येत्या फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात आमचे लग्न आहे. देवकार्य आणि पाचपरतावण आटोपले की महिन्याच्या मध्याला निघायचे आणि शिगम्यापूर्वी घरी परतायचे असे ठरले आहे, म्हणजे प्रवास धरून सोळा दिवस हाती आहेत. घरच्यांनी मालदीव आणि बाली ही नावे सुचवली, पण समुद्रकिनारा आमच्या उंबरठ्यापाशीच आहे आणि आम्हा दोघांना ओढ आहे ती रानाची. २०२० साली आमच्या गोव्यातले मोलेचे जंगल वाचवण्यासाठी जी माणसे एकत्र आली, त्यांच्यात आमची ओळख झाली. म्हणून संसाराची सुरुवात एखाद्या मोठ्या वर्षावनात, पायी चालत आणि पक्षी ऐकत व्हावी असे मनापासून वाटते. बराच विचार करून आम्ही मध्य अमेरिकेतला कोस्टा रिका हा देश निवडला आहे.

कच्चा आराखडा असा आहे. सान होसेला उतरून प्रथम आरेनाल ज्वालामुखी, तेथून मोंतेव्हेर्देचे मेघारण्य, मग मानुएल अंतोनियो, नंतर दक्षिणेला कोर्कोवादो आणि शेवटी कॅरिबियन किनाऱ्यावरील तोर्तुगेरो. तोर्तुगेरोचा आग्रह माझा आहे, कारण गालजीबागच्या किनाऱ्यावर कासवांच्या घरट्यांची राखण करणाऱ्यांबरोबर मी दोन हंगाम काही रात्री काढल्या आहेत. माझ्या होणाऱ्या यजमानांना मात्र नदीतले राफ्टिंग आणि झिपलाइन, म्हणजे तारेला लटकून रानावरून सरकणे, हवे आहे. वाळपईजवळ म्हादईवर पावसाळ्यात होणारे राफ्टिंग त्यांनी केले आहे आणि तेव्हापासून त्यांना ते वेड लागले आहे.

माझे प्रश्न चार आहेत. हा आराखडा फार धावपळीचा होतो आहे का? प्रत्येक निवासस्थान स्वतःला पर्यावरणस्नेही म्हणवते, तर त्यातले खरे कोणते हे इथे बसून कसे ओळखावे? आम्ही मासे खातो, पण सोमवारी शिवराक असतो, तर अशा दिवशी तिथे पोटभर जेवण मिळेल का? आणि सापांच्या विचाराने माझ्या आईला झोप लागत नाही, तिला काय सांगू?

दुर्बीण, पणजी

रानजाई, तुम्हा दोघांना शुभेच्छा. २०१९ च्या फेब्रुवारीत आम्ही नवरा-बायको याच देशात होतो, त्यामुळे हंगामही तोच आहे आणि चुकाही ताज्या आठवतात. पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट आहे : पाच ठिकाणे करू नका, तीन करा. जमले तर अडीचच करा.

नकाशावर हा देश लहान दिसतो. क्षेत्रफळ सुमारे ५१,१०० चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याच्या जवळपास चौदापट असले तरी महाराष्ट्राच्या सहाव्या हिश्श्याएवढेच. पण मधोमध डोंगरांची रांग उभी आहे, रस्ते वळणांचे आहेत आणि पावसाने खचलेला एखादा घाट अर्धा दिवस खाऊन टाकतो. आम्ही अकरा दिवसांत पाच ठिकाणे ठरवली होती. चोर्ल्याचा घाट रोज एकदा चढावा आणि रोज एकदा उतरावा, तसे ते दिवस गेले. पत्नीने परतल्यावर हिशोब मांडला, तेव्हा उजेडाच्या तासांपैकी जवळजवळ निम्मे आम्ही वाहनात घालवले होते असे दिसले. मधुचंद्राला गेलेली दोन माणसे एकमेकांशी बोलण्याऐवजी सामान बांधण्यात आणि सोडण्यात वेळ घालवतात, याचे मला आजही वाईट वाटते.

वर्षावन पहिल्या दिवशी काहीच दाखवत नाही. टीव्हीवरच्या माहितीपटात दर मिनिटाला एक प्राणी येतो, प्रत्यक्षात मात्र पहिले दोन तास हिरव्या भिंतीकडे पाहण्यात जातात. आपल्या तांबडी सुर्लाच्या मंदिरामागच्या रानातही हेच होते ना? एका वाटेवर तिसऱ्यांदा गेल्यावर कोणत्या झाडाला फळ लागले आहे, कोणत्या ओढ्यावर कोण येते, सकाळी सहाचा आवाज कोणाचा आणि दुपारी चारचा कोणाचा, हे कळू लागते. दुसऱ्या मुक्कामी आम्ही मुद्दाम एक दिवस काहीही न ठरवता राहिलो आणि आमच्या साऱ्या प्रवासातला सर्वांत समृद्ध दिवस तोच ठरला. खोलीसमोरच्या झाडावर एक मादी स्लॉथ पिल्लाला पोटाशी घेऊन सकाळपासून बसली होती. संध्याकाळपर्यंत ती फार तर तीन फांद्या सरकली आणि आम्ही दोघे ते सारे पाहत बसलो.

तुमच्या तारखा पाहता मी असे सुचवीन.

पहिला मुक्काम सान हेरार्दो दे दोता. सान होसेच्या दक्षिणेला, समुद्रसपाटीपासून २,००० मीटरांहून उंच असलेले हे खोरे क्वेट्झल पक्ष्यासाठी प्रसिद्ध आहे. फेब्रुवारीच्या उत्तरार्धात त्यांचा विणीचा काळ सुरू होऊ लागतो, त्यामुळे नराची ती लांब हिरवी शेपटी दिसण्याची शक्यता चांगली असते. हा पक्षी रानटी आव्होकाडोच्या जातीची लहान फळे खातो आणि ही झाडे आपल्या दालचिनीच्या कुळातली आहेत. म्हणून जाणकार मार्गदर्शक पक्षी शोधत फिरत नाही, तर फळाला आलेले झाड शोधून त्याच्याखाली पहाटे साडेपाचला उभा राहतो. रात्री तेथे पारा दहा अंशांच्या खाली जातो. गोव्यातून जाणारे लोक विषुववृत्ताजवळचा देश म्हणून सुती कपडे घेतात आणि कुडकुडतात, तेव्हा लोकरीची टोपी आणि जाड स्वेटर जरूर घ्या.

दुसरा आणि सर्वांत लांब मुक्काम ओसा द्वीपकल्पावर, किमान पाच रात्री. येथील कोर्कोवादो राष्ट्रीय उद्यान १९७५ साली स्थापन झाले आणि त्याचे क्षेत्र आपल्या म्हादई अभयारण्याच्या सुमारे दुप्पट आहे. देशातल्या चारही जातींची माकडे, म्हणजे हाउलर, स्पायडर, कापुचिन आणि स्क्विरल, या एकाच रानात भेटतात. टॅपिर हा लांब नाकाचा, डुकरासारखा दिसणारा मोठा प्राणी दिसण्याचीही येथे बरीच आशा असते. पहाटे हाउलरची गर्जना सुरू झाली तेव्हा माझ्या पत्नीने माझा हात घट्ट धरला होता, कारण कित्येक किलोमीटरांवरून येणारा तो आवाज माकडाचा आहे यावर विश्वास बसत नाही. लाल मकाव पोपटांच्या जोड्या डोक्यावरून ओरडत जातात. धनेशाची चोच ज्यांना ठाऊक आहे त्यांना टूकान पाहून आपलाच पक्षी रंगवून कोणी सोडला असे वाटेल, पण दोघांचे कुळ वेगळे आहे. झाडावरची फळे लांबून टिपण्याच्या एकाच कामासाठी दोन खंडांत दोन पक्ष्यांना सारखीच चोच लाभली. आपल्या शिंजिराचे आणि तिथल्या हमिंगबर्डचेही तेच.

२०१४ पासून कोर्कोवादोत परवानाधारक मार्गदर्शकाशिवाय प्रवेश मिळत नाही आणि रोजच्या प्रवेशांची संख्या मर्यादित असते, म्हणून नोंदणी काही महिने आधी करा. उद्यानाच्या आत सिरेना केंद्रावर मुक्काम करता येतो, पण तेथे मच्छरदाणी लावलेल्या, एकावर एक असलेल्या खाटांच्या सामायिक निवाऱ्यात झोपावे लागते आणि दिवे लवकर मालवतात. नवविवाहितांनी हे आधीच जाणून घ्यावे. माझ्या मते तेथे एकच रात्र काढावी, कारण पहाटेचे सिरेना पाहणे हा वेगळाच अनुभव आहे, आणि बाकीच्या रात्री ड्रेक बे किंवा पुएर्तो हिमेनेसजवळच्या लहान निवासात राहावे. ड्रेक बेला जाताना सिएर्पे गावातून खारफुटीमधून होडी जाते. चोडणच्या खाडीत वाढलेल्या माणसाला ती वाट घरचीच वाटेल.

तिसरा मुक्काम पाकुआरे नदी, आणि हा तुमच्या यजमानांसाठी. कॅरिबियन उताराकडे वर्षभर पाऊस असल्याने ही नदी फेब्रुवारीतही वाहती असते आणि घळीच्या आत काही निवास असे आहेत की तेथे राफ्टमधूनच पोचायचे. दोन रात्री घळीत काढल्या की राफ्टिंगची हौस फिटते आणि रानही सुटत नाही. ही घळ काबेकार आदिवासींच्या प्रदेशातली आहे, तेव्हा त्यांच्या वाटांवरून चालताना मार्गदर्शकाला विचारूनच पुढे जावे.

मोंतेव्हेर्दे सोडायला मन धजत नाही, हे मी समजू शकतो. त्या गावाची कहाणी फार सुंदर आहे. अमेरिकेतल्या अलाबामाचे काही क्वेकर, म्हणजे युद्धाला विरोध करणाऱ्या ख्रिस्ती पंथातले, कुटुंबीय सक्तीच्या लष्करी सेवेला नकार देऊन तुरुंगात गेले आणि सुटल्यावर त्यांनी १९५१ साली येथे येऊन दुग्धव्यवसाय सुरू केला. कोस्टा रिकाने तीनच वर्षांपूर्वी, १९४८ मध्ये, आपले सैन्य बरखास्त केले होते, म्हणून त्यांनी हा देश निवडला. जमीन वाटून घेताना गावाच्या पाण्याचे उगम जपण्यासाठी त्यांनी डोंगरमाथ्यावरचे जंगल हात न लावता राखून ठेवले. आपल्या देवराईमागेही झरीचे पाणी राखण्याचा हाच विचार दिसतो. पुढे १९७२ मध्ये तेथे राखीव मेघारण्य उभे राहिले. त्याच डोंगरावर सोनेरी बेडूक होता, जगात दुसरीकडे कुठेही नसलेला. १९८९ नंतर तो कोणाला दिसलेला नाही. त्या वाटेवर उभे राहून मार्गदर्शकाने हे सांगितले तेव्हा आमच्या गटात बराच वेळ कोणी बोलले नाही. जायचेच असेल तर ओसाच्या रात्री कमी न करता पाकुआरेऐवजी तिथे जा. झिपलाइनची हौस तेथे भागते. फक्त फेब्रुवारीतही वारा झोंबरा असतो आणि धुक्याने दिवसच्या दिवस झाकून जातो, हे मनाशी धरा.

मानुएल अंतोनियो मी सोडायला सांगीन. जागा रम्य आहे, पण गर्दी असते, आणि ते उद्यान आठवड्यातून एक दिवस बंद असते हे न कळल्याने आमचा एक दिवस फुकट गेला होता. आरेनाल १९६८ पासून २०१० पर्यंत धगधगत होता, आता शांत आहे. लाव्हा पाहण्याच्या आशेने जाऊ नये.

सोमवारची चिंता नको. गायो पिंतो म्हणजे काळ्या घेवड्यात परतलेला भात, तो सकाळीच मिळतो. दुपारच्या कासादो नावाच्या ताटात भात, घेवडा, कोशिंबिरीसारखे काही आणि तळलेले गोड केळे असते. ‘सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो’ असे म्हटले की मांस, कोंबडी आणि मासा गाळून वाढतात. घेवडा कधीकधी चरबीत शिजवतात, म्हणून ‘सिन मांतेका’ हेही जोडा. काजूचे झाड आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर त्याच बाजूच्या जगातून आले. तिथे त्याला मारान्योन म्हणतात आणि रस्त्याकडेला बोंडूचा रस मिळाला, तर तो पिताना डिचोलीची आठवण होते.

सत्तरीचा शेजारी, वाळपई

बाई, मी वन खात्यात तीस वर्षे काढली आणि आता निवृत्त आहे. कोस्टा रिकाला गेलेलो नाही, पण तेथील वनधोरणाचा अभ्यास मनापासून केला आहे, म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहितो.

तेथील पर्यटन संस्थेने १९९७ पासून शाश्वत पर्यटनाचे प्रमाणपत्र सुरू केले. ते निवासाकडे आहे का, हे पहिल्यांदा पाहावे. मात्र प्रमाणपत्र नसलेले एखादे कुटुंबाचे चार खोल्यांचे घरही अतिशय सचोटीने चालवलेले असू शकते, म्हणून पत्र लिहून साधे प्रश्न विचारावेत. मालक कुठे राहतो? मार्गदर्शक त्याच गावचे आहेत का आणि त्यांच्याकडे परवाना आहे का? सांडपाणी कुठे जाते? आवारात प्राण्यांना खाऊ घालतात का? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘हो, माकडे हातातून केळे घेतात’ असे अभिमानाने आले, तर तेथे राहू नये. ज्या निवासाला रानाची खरी आस्था आहे, तो या प्रश्नांनी दुखावत नाही. उलट सविस्तर उत्तर पाठवतो.

माझा भाचा काही वर्षांपूर्वी तिकडे गेला होता. एका सहल कंपनीने वाटेत गाडी थांबवून स्लॉथ कडेवर घेऊन छायाचित्र काढण्याची सोय करून दिली. पैसे सहलीच्या दरातच धरलेले होते. त्याने ते जनावर हातात घेतले, छाती धडधडत असलेली त्याला जाणवली आणि परत आल्यावर तो मला म्हणाला, मामा, मी ते करायला नको होते. वन्य प्राण्यांबरोबरच्या अशा छायाचित्रांविरुद्ध त्या देशाच्या सरकारने २०१९ साली मोहीमच काढली. तुम्हाला कोणी असा आग्रह केला तर गाडीतून उतरूच नका.

आता हा देश पाहण्यासारखा का आहे ते सांगतो. गुरांच्या कुरणांसाठी झाडे तोडून तोडून १९८० च्या दशकात तेथील वनाच्छादन सुमारे चौथाईवर आले होते. आज ते निम्म्याहून अधिक भूमीवर आहे. १९९६ च्या वन कायद्याने जंगल तोडून जमिनीचा वापर बदलण्यास बंदी घातली आणि त्याबरोबरच, ज्याच्या जमिनीवर रान उभे आहे त्याला ते रान करत असलेल्या कामाचा मोबदला द्यायला सुरुवात केली. कर्ब साठवणे, पाणी राखणे, जीवविविधता सांभाळणे आणि निसर्गसौंदर्य टिकवणे अशी चार कामे त्या कायद्यात मोजली आहेत. पैसा मुख्यतः इंधनावरील कराच्या वाट्यातून येतो. माझ्या नोकरीच्या काळात मी पाहिले की अभयारण्याची सीमा गावावर आली, की शेतकऱ्याला आपली जमीन गेली असेच वाटते. १९९९ साली म्हादई अभयारण्य घोषित झाले तेव्हा सत्तरी तालुक्यातल्या घराघरांत ही धास्ती होती आणि ती निराधार म्हणता येणार नाही. उभ्या झाडाचे पैसे मालकाला दरवर्षी मिळतात, ही गोष्ट तिथल्या एखाद्या शेतकऱ्याच्या तोंडून ऐकून या. तुम्ही मोलेसाठी उभ्या राहिलात, म्हणून हे तुम्हाला मुद्दाम सांगतो.

तोर्तुगेरोविषयी एक गोष्ट. तेथील हिरवी कासवे जुलै ते ऑक्टोबरमध्ये किनाऱ्यावर येतात. तुम्ही फेब्रुवारीत जाऊन पाण्याचे कालवे आणि पक्षी पाहाल, कासवांचा तो सोहळा नाही. ज्या आठवड्यात तुम्ही विमानात असाल, त्याच आठवड्यात गालजीबागला, आगोंदला आणि मोरजीला ऑलिव्ह रिडले वाळू उकरत असतील. तेव्हा कासवे घरीच पाहा.

निरामय, मडगाव

मी डॉक्टर आहे आणि प्रवासाला निघालेल्यांना सल्ला देणे माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे. रानजाई, आईंना सांगण्यासारखे पुढे लिहितो, पण तुमच्या स्वतःच्या डॉक्टरांचा सल्ला घेतल्याशिवाय निघू नका.

तेथे ज्या सापाला सर्वांत जपावे लागते त्याचे नाव तेर्सिओपेलो. आपल्या घोणस आणि फुरशाच्याच कुळातला तो आहे आणि पाचोळ्यात दिसत नाही. गोव्यात कुळागरात, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेत, काम करणारी माणसे जी काळजी घेतात तीच तेथेही पुरते : गुडघ्यापर्यंतचे गमबूट, ओंडका ओलांडताना आधी त्यावर पाय ठेवून पलीकडे पाहणे, आधारासाठी झाडाला हात लावण्यापूर्वी तिथे नजर टाकणे आणि अंधारात विजेरीशिवाय अंगणातही न उतरणे. झाडावर हात ठेवण्याबाबत आणखी एक कारण आहे. बुलेट मुंगी नावाची मोठी काळी मुंगी खोडांवर फिरते आणि तिच्या दंशाच्या वेदना दिवसभर टिकतात. प्रतिविषाच्या बाबतीत हा देश फार पुढे आहे. सान होसेजवळची क्लोदोमिरो पिकादो संस्था १९७० पासून सर्पविषावर संशोधन करते आणि प्रतिविष बनवते, जे शेजारच्या देशांनाही जाते. मार्गदर्शकाबरोबर दिवसा वाटेवरून चालणाऱ्या पाहुण्याला धोका फार कमी असतो, हे आईंना खात्रीने सांगा.

सापापेक्षा मला जास्त भीती वाटते ती पाण्याची. ओसाच्या किनाऱ्यावर परतीचे प्रवाह जोराचे आहेत, किनाऱ्यावर जीवरक्षक नाहीत आणि सिरेना नदीच्या मुखाशी मगरी आणि बुल शार्क वावरतात. समुद्राकाठी जन्मलेल्या माणसाला आपल्याला पाणी कळते असा विश्वास असतो आणि तोच घात करतो. मार्गदर्शक ज्या ठिकाणी नको म्हणेल तेथे पाऊलही बुडवू नये.

डास चावण्यापासून डेंग्यूसाठी जपावे, जसे आपण येथे जपतो. पीतज्वराच्या लसीचा दाखला भारतातून सरळ युरोप किंवा अमेरिकेमार्गे जाणाऱ्यांना लागत नाही. मात्र विमान बदलण्यासाठी ब्राझील किंवा कोलंबियाचा मार्ग घेतलात तर नियम वेगळा असू शकतो, आणि लस घेतल्यापासून दहा दिवसांनीच दाखला ग्राह्य धरतात. लग्नाच्या गडबडीत हे दहा दिवस निसटतात, म्हणून तिकीट काढण्यापूर्वीच मार्ग पाहावा. मुरगावच्या बंदर आरोग्य कार्यालयात ही लस मिळते. वैद्यकीय विमा घेताना त्यात राफ्टिंग आणि झिपलाइन धरले आहे का, ते वाचून पाहा, कारण साध्या विम्यात साहसी खेळ बहुधा वगळलेले असतात. आपल्या पावसाळी रानात ज्या जळवा पायाला चिकटतात त्या तेथे नाहीत, ही बातमी आईंना आनंदाची वाटेल.

दोन_पासपोर्ट, म्हापसा

व्हिसाविषयी कोणी लिहिले नाही म्हणून थोडक्यात लिहिते. माझ्या यजमानांकडे पोर्तुगीज पासपोर्ट आहे आणि माझ्याकडे भारतीय. त्यांना व्हिसा लागला नाही, मला लागला. भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा चालू, अनेक वेळा प्रवेश देणारा व्हिसा असेल तर कोस्टा रिकात तीस दिवसांपर्यंत वेगळ्या व्हिसाशिवाय राहता येते. अन्यथा नवी दिल्लीतील दूतावासाकडे अर्ज करावा लागतो. नियम बदलत असतात, म्हणून दूतावासाकडून लेखी उत्तर घेऊनच पैसे भरा. अमेरिकेतून विमान बदलणार असाल तर नुसते विमानतळावर थांबण्यासाठीही तेथील व्हिसा लागतो.

आणखी एक, जे नव्या नवरीला कोणी सांगत नाही. लग्नाच्या नोंदणीनंतर नाव बदलण्याचा विचार असेल तर पासपोर्टचे काम परत आल्यावर करा. तिकीट, व्हिसा आणि कोर्कोवादोचा परवाना या तिन्हींवर पासपोर्टावरचेच नाव हवे.

रानजाई, फोंडा

तुम्ही सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिलेत की रात्री आम्ही दोघांनी ते मोठ्याने वाचले, आणि आईनेही ऐकले. डॉक्टरांचा जळवांचा मजकूर तिला खरोखर आवडला.

नवा आराखडा असा झाला आहे : दोताला तीन रात्री, ओसाला सहा, पाकुआरेला दोन आणि शेवटची एक रात्र सान होसेजवळ. उरलेले दिवस येण्याजाण्यात जातील. मोंतेव्हेर्दे सोडताना डोळ्यांत पाणी आले, पण सोनेरी बेडकाचा डोंगर घाईघाईने पाहण्यापेक्षा पुढे कधीतरी नीट जाऊ. तोर्तुगेरो मीच काढून टाकले. त्याऐवजी लग्नाआधीच्या एका रात्री, हळद लागण्यापूर्वी, आम्ही दोघे गालजीबागला राखणीला जाणार आहोत. ओसावर ज्याला आपल्या जमिनीवरचे रान सांभाळल्याबद्दल मोबदला मिळतो अशा एखाद्या शेतकऱ्याची भेट घालून द्याल का, असे एका लहान निवासाला विचारले होते. मालकीणबाईंनी उत्तर पाठवले की त्यांचा भाऊच तसा शेतकरी आहे आणि त्यांच्या घरी आम्ही जेवायला यावे.

एकच शंका उरली आहे. सिरेनाला आम्ही चालत जावे की होडीने?

दुर्बीण, पणजी

होडीने जा आणि आतल्या वाटा चाला. किनाऱ्याकडून पायी सिरेना गाठणे ही दिवसभराची, बरीचशी उघड्या वाळूवरची आणि भरती-ओहोटीच्या वेळा सांभाळत करायची चाल आहे. ती पूर्ण केल्यावर संध्याकाळी तुम्ही थकून झोपाल आणि पहाट हातची जाईल. ड्रेक बेहून सकाळी सहाच्या सुमारास होडी निघते. उतरताना गुडघाभर पाण्यात उडी मारावी लागते, म्हणून बूट गळ्यात अडकवून ठेवा आणि दुर्बीण जलरोधक पिशवीत ठेवा. एकदाच वापरण्याचे प्लास्टिक उद्यानात चालत नाही, पिशव्या तपासतात, तेव्हा खाऊ स्टीलच्या डब्यात न्या.

आणि दुर्बिणी दोन घ्या, एक नको. आम्ही एकच नेली होती. क्वेट्झल उडाला तेव्हा ती माझ्या डोळ्यांना होती.